शेवंताच्या नावाची बाटली

शेवंता माझे पाय धूत होती आणि मी तिच्या पायांकडे बघत होते.

पाहुण्याचे पाय घरच्या सुनेनं धुवायचे, ही भोरटेकची रीत. मला असले लाड सोसत नाहीत. जन्मभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं, पाय माझे मीच धुतले. नको नको म्हणत होते, तर तिची सासू पार्वताबाई म्हणाली, "घ्या धुऊन मास्तरीणबाई. सून हाये ते, तांब्या फेकून नाही मारत." ओसरीवरच्या बायका हसल्या, मग मी गुमान पाय पुढे केले.

पोर सात महिन्यांची गरोदर होती. वाकली की धाप लागत होती, उठताना भिंतीला हात लावत होती. आणि पायात जोडवी नव्हती. बोटांवर नुसते पांढरट वळ.

"जोडवी कुठं गं तुझी?" मी विचारलं. मला गप्प बसणं कधी जमलेलंच नाही.

तिनं पदर जरासा बाजूला केला. मंगळसूत्राच्या काळ्या पोतीत जोडव्यांची जोडी ओवून टाकली होती. "बोटात जातच नाही जी. पाय सुजते." ती सासूकडे बघत म्हणाली, "मामी म्हन्ते, पायात नाही तं गळ्यात घाल, मोडू नको."

"दोन खेपा वाया गेल्या तिच्या," पार्वताबाई म्हणाली. "हे तिसरी. या खेपंले लेकरू टिकलं म्हनजे मिळवलं. सुजलं तं सुजलं, बाळंत झाली का उतरन."

मी मान हलवली आणि सवयीनं इतर बायकांकडे बघितलं. माझी नजर आधी कपड्यांवर जाते, त्याला इलाज नाही. ओसरीवरच्या जवळजवळ प्रत्येकीच्या ब्लाउजच्या बाह्या उसवून आत जोड लावलेला होता. कुणाचा तांबडा, कुणाचा भलत्याच रंगाचा. आणखी दोघीतिघींच्या गळ्यात जोडवी दिसली. मला वाटलं, गाव सुधारलंय, बायका अंगानं भरल्यात. तसं मी उत्तराच्या कानात बोललेसुद्धा. तिनं माझ्याकडे चमकून बघितलं, पण तेवढ्यात बाहेर लेझीम सुरू झाली आणि तिला सगळ्यांनी घेरलं.

उत्तरा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, मोरेश्वरची बायको. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात मूत्रपिंडाची डॉक्टर. आमचं दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तिला पोळी लाटता येत नाही आणि मला ते बोलून दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. पण बाईची हुशारी मी कधी नाकारली नाही. त्या दिवशी तिचा सत्कार होता, मोरेश्वरला सुट्टी मिळाली नाही, म्हणून घरचं माणूस म्हणून मी जीपमध्ये बसले होते.

भोरटेक खारपाण पट्ट्यातलं गाव. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथले कर्ते पुरुष भर उमेदीत मूत्रपिंडं बिघडून जायचे. सरपंच दौलतराव, म्हणजे पार्वताबाईचे यजमान, त्यांचा थोरला मुलगा तसाच गेला होता. शेवंताचा नवरा प्रल्हाद हा धाकटा. सहा-सात वर्षांपूर्वी उत्तरानं या गावाची तपासणी केली होती. घराघरात नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या वाटल्या. सकाळची पहिली लघवी त्यात भरून मारुतीच्या पारावर आणायची आणि तिथंच दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजून घ्यायचा.

त्यातून जे निघालं त्यानं तिची झोप उडाली. पुरुषांचा दाब चढलेला आणि लघवी बिघडलेली, हे तिला अपेक्षितच होतं. पण बायकांचाही दाब तेवढाच चढलेला, आणि लघवी मात्र निर्मळ. म्हणजे इतका दाब सोसूनही यांची मूत्रपिंडं शाबूत. हे कशानं होतं, या बायकांच्या अंगात असं काय आहे, यावर तिनं मोठा निबंध लिहिला. परदेशातल्या नावाजलेल्या नियतकालिकानं तो छापला. पुढच्या महिन्यात त्याच विषयावर बोलायला तिला परदेशी जायचं होतं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आलं, "भोरटेकच्या बायकांपुढे रोग हरला." ते कात्रण दौलतरावांनी चौकट करून देवाच्या तसबिरींच्या ओळीत लावलं होतं. त्याला हळद-कुंकूसुद्धा लागलं होतं.

सत्कार शाळेच्या पटांगणात व्हायचा होता. त्याआधी मधल्या घरात बायकांनी उत्तराची ओटी भरायला घेतली. मी कडेला पाट ओढून बसले.

उत्तरा ओळखीचे चेहरे शोधत होती. "त्या घाऱ्या डोळ्यांच्या बाई कुठंयत? मला धिरडं खाऊ घातलं होतं त्यांनी."

"वच्छी? गेली ते," कुणीतरी म्हणालं. "बाळंतपनात झटके आले."

"आणि त्यांची जाऊ? खूप बोलायच्या त्या."

"तेबी गेली. अंगावर सूज आली अन् पंधरवड्यात खलास. करनी होती म्हन्तात."

"वय काय होतं?"

"असन तिशी."

उत्तराच्या ओटीत नारळ पडत होते, खण पडत होते, आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. तिनं आणखी एक नाव घेतलं. तीही नव्हती. आणखी एक घेतलं. ती होती, पण "पडूनच रायते आता, दिसत नाही डोयानं." कुणीही रडत नव्हतं. बाया त्या बाळंतपणात गेल्या, सुजेनं गेल्या, करणीनं गेल्या. किडनीनं फक्त पुरुष जातात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"दवाखान्यात का नाही नेलं त्यांना?"

पार्वताबाईनं तिच्याकडे नवलानं बघितलं. "अवो, तुमीच तं लिवलं ना. नर्सबाई येते, मानसाईचा दाब पाह्यते, गोया देऊन जाते. बायाईचा पाह्यतच नाही आता. म्हन्ते, भोरटेकच्या बायाईले दाब बाधत नाही, तसं पेपरात आलं."

खोलीत उदबत्तीचा वास होता, बायका नटूनथटून बसल्या होत्या, बाहेर लेझीम चालली होती आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

हा ताण मोडायला म्हणून की काय, सगुणाबाई नावाची एक बोळक्या तोंडाची म्हातारी बोलली. "बाई आल्या तवाच्या बाटल्या आठवते का वो पार्वता? तुही नात इंदू बिचारी पानी पिऊ पिऊ बेजार झाली होती. एका पोट्टीनं किती घरं भरावं."

खोलीत हशा पिकला. पदर तोंडाला लावून बायका हसत सुटल्या. उत्तराही हसली, न समजता, पाहुणे हसतात तशी. मग थांबली.

"कसल्या बाटल्या?"

"तुमच्याच वो. लघवीच्या."

"इंदूनं भरल्या?"

"इंदूनं आमच्या गल्लीतल्या भरल्या," पार्वताबाई अजून हसतच होती. "पल्ल्याडच्या गल्लीत गनेशरावाच्या पोट्टीनं. ज्याच्या घरी आठ-नऊ वर्साची पोट्टी, त्याच्या घरी बाटल्या धाडल्या. मंग काय करावं बाप्पा? सुनेच्या नावाची चिठ्ठी, तिनं ते बाटली हातात घेऊन पारावर जायाचं. तिथं सासरा बसेल, भासरा बसेल. तुमचा तो कंपाउंडर नाव घेऊन वरडे अन् बाटली उनात धरून पाहे. आमी आमच्या सासूसासऱ्यापुढं कधी चप्पल घालून निंघालो नाही. बाटलीत पोट्टीचं असलं म्हनजे लाज कायची?"

"मग सांगायचं नाही का मला?"

"सांगाचं काय त्यात? देवीले बाईच्या नावाचं काही धाडाचं असलं तं आमी कुमारिकेच्या हातानंच धाडतो. देवीले चालते. अन् घरची पोट्टी अन् घरची सून, एकाच चुलीचं खातात, एकाच विहिरीचं पेतात. फरक काय पडते?"

उत्तरानं ओटीतला नारळ खाली ठेवला. तिच्या कपाळावरचं कुंकू तेवढं लाल, बाकी चेहरा पांढराफटक पडला होता. तिला कमी बोलायची सवय, त्यात तिचा आवाज असा लागला की मीही दचकले.

"एकाही बाईनं स्वतःची दिली नव्हती?"

बायकांचं हसू विरलं. एकमेकींकडे बघून सगळ्यांनी माना खाली घातल्या.

तिनं शेवंताचा हात धरला. "तुझ्या नावाची होती ना गं बाटली? नवी नवरी होतीस तू. दंडाला पट्टा बांधला तर दाब इतका चढलेला, मी म्हटलं, पोर लाजली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, जीपमधून माझी पेटी आणा. धावत."

या वयात मी धावले. येईपर्यंत तिनं शेवंताला परसात पाठवलं होतं. स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती, पंगतीच्या वरणाचं पातेलं तिनं स्वतःच्या हातानं उतरवून बाजूला ठेवलं. पेटीतली काचेची नळी काढली, शेवंतानं पदराआड आणलेल्या वाटीतलं थोडं तिच्यात ओतलं, चिमट्यात धरली आणि निखाऱ्यावर नेली. मी आणि पार्वताबाई दारात उभ्या होतो.

"मूत्रपिंड धड असेल तर हे तापवून काही होत नाही," उत्तरा नळीवरची नजर न काढता म्हणाली. "बिघडलं असेल तर शरीरातलं सत्त्व त्यातून गळायला लागतं. तापलं की ते गोठतं."

नळीतलं पिवळसर पाणी आधी गढूळ झालं. मग वरून खालपर्यंत पांढरं होत गेलं, दूध नासावं तसं. शेवटी नळी वाकडी केली तरी आतलं हलेना.

पार्वताबाईनं ते बघितलं. ती शिकलेली नव्हती, पण तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

उत्तरानं शेवंताच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि मला सांगितला नाही. पर्समधली एक गोळी तिला गिळायला लावली. "डोकं दुखतं का?"

"कालपासून ठनकते," शेवंता म्हणाली. "कामाच्या गडबडीत सांगतलं नाही. डोयापुढं काजवे चमकते." मग तिनं पोटावर हात ठेवून विचारलं, "बाई, लेकरू बरं हाये ना?"

"आता लगेच निघालो तर दोघांचंही बरं होईल," उत्तरा म्हणाली. "ताई, हिला आत्ताच्या आत्ता अकोल्याला न्यायचं. उशीर झाला तर झटके येतील."

हे बोलायला सोपं होतं. परक्याची सून जीपमध्ये घालून पळवून तर नेता येत नाही. उत्तरा पदर खोचून थेट मांडवात गेली, तिच्यामागून मी. दौलतराव फेटे बांधून घेत होते, प्रल्हाद माइकची वायर ओढत होता.

तिनं सांगितलं. दौलतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मोठा सभ्य माणूस, आवाज कधी चढायचा नाही. तेच तर अवघड होतं.

"मॅडम, तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही. पण सत्काराला तालुक्याचे लोक आलेत. पंगत उठली की बघू."

"पंगत उठेपर्यंत थांबता येणार नाही. तिची मूत्रपिंडं बिघडली आहेत."

दौलतराव हसले. "बाईची? भोरटेकच्या बाईची? तुम्हीच तर जगाला सांगितलं ना."

"मी सांगितलं ते चूक होतं."

"चूक कशी होईल? परदेशातल्या विद्वानांनी वाचलं, छापलं. ते काय खुळे आहेत? तुमच्या हातात बाटल्या होत्या. तुम्ही स्वतः तपासल्या."

"बाटल्या बायकांच्या नव्हत्या," उत्तरा म्हणाली.

"मग कुणाच्या होत्या?" त्यांनी विचारलं, आणि आमच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिलेल्या बायकोकडे बघितलं. "काय हो, आपल्या घरच्या बाटल्या तुम्हीच भरून दिल्या होत्या ना? मॅडम काय म्हणतात हे?"

आजूबाजूला माणसं जमली होती. तालुक्याचे, गावचे, भाऊबंद. पार्वताबाईनं डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. ज्या कात्रणाला ती रोज हळद-कुंकू लावायची ते तिच्या घराचं नाव होतं. साऱ्या गावच्या बायकांनी मिळून डॉक्टरला आणि नवऱ्यांना फसवलं, हे चार माणसांत कबूल करायचं होतं. मी मनात म्हणत होते, बोल बाई, बोल एकदाची. आजही तो क्षण आठवला की मला तिचा राग येतो आणि तिची कीवही येते.

"आमीच भरल्या," पार्वताबाई म्हणाली. "आमच्याच होत्या."

प्रल्हाद पुढे आला. "माय, शेवंताले खरंच लय होऊन रायलं का? नेऊ का मी?"

"सकायी नेऊ," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "बाई म्हन्ते तं सकायी नेऊ."

उत्तरानं तिला एक शब्दही बोल लावला नाही. ती व्यासपीठावर चढली. कुणी बोलावलं नव्हतं, अजून दीपप्रज्वलनही झालेलं नव्हतं. माइक हातात घेतला. मांडव खच्चून भरला होता, पुढे पुरुष, मागे कनातीपाशी बायका. माझी ही भावजय सभेत बोलायची म्हटली की आदल्या दिवशी आरशापुढे तालीम करणारी. त्या दिवशी ती तालमीशिवायच बोलली.

"ज्या निबंधासाठी तुम्ही मला बोलावलंत तो निबंध चुकीचा आहे. या गावच्या बायकांची मूत्रपिंडं शाबूत नाहीत. त्यांना दाब बाधतो. पुरुषांना बाधतो तितकाच, कदाचित जास्त. मी बाटल्या नीट घेतल्या नाहीत, चूक माझी आहे, बायकांची नाही. इथं जी जी बाई सुजली आहे, जिच्या पायात जोडवी जात नाहीत, तिला दवाखान्यात न्या. आज न्या. माझं नाव ऐकून थांबू नका."

टाळ्या सुरू झाल्या.

मला वाटलं माझ्या कानांना काहीतरी झालंय. पण नाही, माणसं खरोखर टाळ्या वाजवत होती. तालुक्याहून आलेल्या एका गृहस्थानं शेजाऱ्याला म्हटलेलं मी ऐकलं, "किती नम्र बाई आहे बघा. फळ आलेलं झाड वाकतंच." दौलतरावांनी माइक घेतला आणि म्हणाले, "मोठी माणसं स्वतःकडे असा कमीपणा घेतात. हाच खऱ्या विद्वानाचा विनय." पुन्हा टाळ्या. उत्तराच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. ती तशीच उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं तेव्हा मला रडू फुटलं, मी काही लपवलं नाही.

सत्कार संपल्याबरोबर तिनं जीप दौलतरावांच्या दारात आणून उभी केली आणि जीपमध्येच बसून राहिली. "मी हलणार नाही. जेवणार नाही. त्यांचं मन वळेपर्यंत इथंच बसते." मी घरात जाऊन शेवंताला शोधलं. ती बिचारी वाढपासाठी पोळ्यांची चळत उचलत होती. मी तिच्या हातातून ती काढून घेतली, तिला डाव्या कुशीवर निजवलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. प्रल्हाद दोनदा आत डोकावून गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं मला विचारलं, "बाई खरं बोलून रायल्या का हो?"

"खरं बोलतेय ती. तुझ्या आईला विचार, एकटीला."

तो आईकडे गेला. ती पंगतीत तूप वाढत होती. त्यानं विचारलं असेल, कारण तिनं तुपाची वाटी दुसऱ्या बाईच्या हातात दिली आणि ती तशीच उभी राहिली. मला माजघरातून दिसत होतं. समोर नवरा जेवत होता, पाहुणे जेवत होते. तिनं तोंड उघडलं, मिटलं. मग वाटी परत घेतली आणि पुढच्या पानावर गेली.

"मास्तरीणबाई," शेवंता हळूच म्हणाली, "अंधार कायले केला?"

भर दुपार होती. खिडकीतून तिच्या तोंडावर ऊन पडलं होतं.

मी उत्तराला हाक मारली ती सगळ्या आळीनं ऐकली असेल. ती येईपर्यंत शेवंताचे डोळे फिरले होते, दात आवळले होते, सारं अंग ताठ होऊन उडत होतं. पंगत तशीच सोडून माणसं उठली. कुणी म्हणालं कांदा लावा, कुणी म्हणालं भगताला बोलवा. उत्तरानं कुणाचं ऐकलं नाही. प्रल्हादनं बायकोला उचलून जीपमध्ये घातलं आणि तिचं डोकं मांडीवर घ्यायला पार्वताबाई कुणाला न विचारता चढून बसली. दौलतराव दारात उभे होते, हात खरकटे तसेच.

रस्त्यात तिला पुन्हा झटका आला. मग आणखी एक. पार्वताबाई आधी देवीचं नाव घेत होती. मग थांबली आणि मुलाला म्हणाली, "प्रल्हाद, तवाची बाटली इंदूची होती रे."

"कोनती बाटली?" तो म्हणाला. त्याला काय कळणार त्या वेळी.

"माह्या हातानं इंदूची भरून देल्ली. तुया बापापुढं बोललो नाही मी." एवढं बोलून ती सुनेच्या कानाशी वाकली आणि तेच तिला सांगायला लागली, पुन्हा पुन्हा, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. अकोला येईपर्यंत ती सांगत होती. शेवंता ऐकत नव्हती.

उत्तरा परदेशी गेली नाही. घरी आल्या आल्या तिनं त्या नियतकालिकाला कळवलं की माझा निबंध मागे घ्या. मोरेश्वर तिच्यावर चिडला. म्हणाला, एवढ्या वर्षांची मेहनत एका म्हातारीच्या गप्पांवर घालवलीस. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. भावजयीची बाजू घेऊन भावाशी भांडायची माझी ती पहिलीच वेळ.

पुढच्याच महिन्यात ती पुन्हा भोरटेकला गेली आणि मी तिच्याबरोबर. या वेळी तिनं सगळं बायकांच्या सोयीनं मांडलं होतं. पार नाही, कंपाउंडर नाही. शाळेच्या मागच्या खोलीत पडदे, घ्यायला बायकाच, बाटली आणायला झाकायची पिशवी. आदल्या संध्याकाळी घराघरात पिशव्या पोचवल्या होत्या. आम्ही सकाळपासून खोलीत बसलो होतो. मागच्या दारानं यायचं सांगितलेलं, तरी कुणी येत नव्हतं. उन्हं वर आली.

मग पुढच्या बाजूनं गलका ऐकू आला. मी उठून बाहेर बघितलं.

मारुतीच्या पारावरून, भर रस्त्यानं पार्वताबाई येत होती. पारावर दौलतराव होते, भाऊबंद होते, गावचे सगळे पुरुष बसले होते. तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. पिशवी नव्हती. दोन्ही हातांत एकेक बाटली, उघडी, सगळ्यांना दिसेल अशी. तिच्या मागं सगुणाबाई होती, आणि तिच्या मागं सुजल्या पायांनी सावकाश चालत येणाऱ्या गावच्या सुना, आपापल्या बाटल्या हातात घेऊन.

पार्वताबाई आमच्या टेबलापाशी येऊन थांबली. उजव्या हातातली भरलेली बाटली तिनं उत्तरासमोर ठेवली.

"हे माही."

मग डाव्या हातातली ठेवली. ती रिकामी होती. दवाखान्यातल्या लोकांनी चिठ्ठ्या जुन्याच नावांच्या यादीवरून चिकटवल्या होत्या, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. चिठ्ठीवर शेवंताचं नाव होतं.

"तवा हिच्या नावाची दुसऱ्याची भरून देल्ली," पार्वताबाई म्हणाली. "आता कोनाची भरून देऊ, बाई?"